ओयार्सची गुलाबी

जूनमधल्या त्या शनिवारी सोल्विताच्या फाटकापासून खाली ओढ्याच्या पुलापर्यंत गाड्या लागल्या होत्या. वर्षातून एकदा, पिओनीची झुडपं ऐन फुलात असताना, ती आपली बाग सगळ्यांसाठी उघडी ठेवायची. फाटकाशी टेबल, टेबलावर रूबार्बचा केक आणि कॉफीचा मोठा थर्मास, आणि टेबलाखाली तिची तीन वर्षांची तेक्ला, येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट न्याहाळत बसलेली. कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की ती खालून ओरडायची, "सुटली!"

बाग काही फार मोठी नव्हती. लोक लांबून यायचे ते जमवलेल्या वाणांसाठी. गोठ्याच्या दगडी भिंतीलगत, जिथलं बर्फ सगळ्यात आधी वितळतं, तिथे रानटी जाती होत्या. शेपूसारख्या बारीक पानांची लाल, कॉकेशसची फिकट पिवळी, आणि आणखी कितीतरी. या सगळ्या सोल्विताने बियांपासून वाढवल्या होत्या. बी पेरल्यावर दोन वसंत जातात तेव्हा कुठे कोंब वर येतो, आणि फुलाचं तोंड बघायला पुढे आणखी पाच-सहा वर्षं. उतारावरच्या मधल्या ओळींमध्ये जुने वाण होते, शेजारपाजारच्या गावांतून, कुलुपं लागलेल्या शेतघरांच्या अंगणांतून मालकांना विचारून आणलेले. आणि अगदी पुढे, घराच्या पायरीवर बसलं की समोर दिसावेत असे, नवे संकर.

प्रत्येक झुडपाशी पाटी होती. दोन उन्हाळे फूल स्वतः पाहिल्याशिवाय सोल्विता पाटीवर नाव लिहीत नसे. त्यामुळे तिच्या पाट्यांना मान होता. कुणाच्या बागेतल्या झुडपावरून वाद झाला की लोक म्हणायचे, सोल्विताकडे जाऊन ताडून बघा.

त्या दिवशी सगळी गर्दी एका पिवळ्या झुडपाभोवती होती. हॉलंडहून मागवलेलं, ताटलीएवढ्या फुलांचं.

"अगं बाई, हे फूल आहे की लोण्याचा गोळा!"

"हात लावू नकोस. मघापासून हेरिंग मासे खातेयस."

"किती ऊन लागतं गं याला, सोल्विता?"

"मिळेल तेवढं कमीच," सोल्विता म्हणाली. तिचे गाल आनंदाने तापले होते. "ही बागेतली सगळ्यात चांगली जागा आहे. पाणी साचत नाही, आणि दिवसभर ऊन."

"ही जागा तर माझ्या गुलाबीची," मागून कुणीतरी म्हणालं.

सोल्विताने वळून पाहिलं. रास्मामावशी उभी होती, एका हातात काठी, दुसरा हात नातजावयाच्या दंडावर. केस पार पांढरे झाले होते. पाच वर्षांत ती इकडे फिरकली नव्हती.

रास्मामावशी म्हणजे शेजारच्या शेतावरची. तिचा नवरा ओयार्स ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आणि उरलेल्या वेळात पिओनीच्या बिया पेरायचा. जन्मभराच्या पेरणीतून त्याला स्वतःच्या पसंतीचं एकच झुडूप मिळालं. त्याने त्याला नाव दिलं नाही, कुठे नोंदवलं नाही, कुणाला तुकडा काढून दिला नाही. घरात तिला नुसतं गुलाबी म्हणत. तो गेला, रास्माला एकटीने शेत झेपेना, ते विकून ती शहरात नातीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला गेली. जायच्या आधी तिने अख्खा गड्डा खणून सोल्विताला आणून दिला. "जागा मिळाली की एक तुकडा मागेन," ती म्हणाली होती. "बाकीची तुझी."

सोल्विताने तिला पुढेच लावलं होतं, पायरीसमोर. पण दोन वर्षांपूर्वीच्या शरदात ही पिवळी आली, आणि पिवळीला चांगली जागा हवी होती. गुलाबी तशी साधीच. बागेत गुलाबी किती होत्या! सोल्विताने ती उचलून खाली ओढ्याकडच्या चिकणमातीत हलवली. तात्पुरती, असं ती स्वतःशी म्हणाली. पुढच्या वसंतात दोन कोंब आले, काळे पडून गळाले. त्याच्या पुढच्या वसंतात काहीच आलं नाही. सोल्विताने खणून पाहिलं, तर मूळ पाण्यात राहिलेल्या पावासारखं बोटांत फुटलं.

आता ते सगळं तिच्या जिभेच्या टोकाशी आलं. पण भोवती माणसं होती, हातात कॉफीचे कप घेऊन ऐकत असलेली.

"हलवली तिला, मावशी," ती म्हणाली. "मधल्या ओळीत. यंदा मेच्या गारठ्यात कळ्या करपल्या, म्हणून फूल नाही."

"पानं तरी बरी आहेत ना?"

"छान आहेत. ती बघा, तिकडे." आणि सोल्विताने उतारावर बोट दाखवलं. तिथे खरोखरच एक फूल नसलेलं झुडूप होतं. तेही जुनं गुलाबी, पण दुसऱ्याच गावचं. मागच्या वर्षी गड्डा फोडून वेगळं लावलेलं, म्हणून यंदा रुसून बसलेलं.

रास्माने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. काठी घेऊन उतार उतरणं तिला जमण्यासारखं नव्हतं. तिने लांबूनच मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी.

"सप्टेंबरात येईन तुकड्याला. ओयार्सजवळ लावायची म्हणते. त्या मातीत माझीही जागा आहे, म्हणजे दोघांनाही दिसेल." मग पिवळीकडे वळून म्हणाली, "सुंदर आहे हो ही."

नातजावई ऊगिस म्हणाला, "आजी, तुम्हाला कुठे दिसणार? तुम्ही खाली असणार."

"तू गप्प बस रे. तुझ्यासारखी माणसं वर राहणार म्हणूनच मला खालचं बरं वाटतंय."

सगळे हसले. सोल्विताही हसली. ते हसू पुढे सगळा उन्हाळाभर तिला आठवत राहिलं.

जुलै गेला. सोल्विताने गवत कापलं, ब्लॅककरंटचा जॅम केला, तेक्लाला ओढ्यात पाय बुडवायला नेलं. रास्मामावशीला शहरात फोन करायचा हे रोज मनात यायचं आणि रोज काहीतरी आडवं यायचं. तेक्ला झोपली की घर शांत होई, मग आपल्याला धीर होत नाही हे अगदी स्पष्ट दिसे, म्हणून ती पुन्हा कुठलंतरी काम काढायची.

"सांगून टाक," तिचा नवरा गातिस म्हणाला. तो सायकलची साखळी बसवत होता.

"काय सांगू?"

"मेली म्हणून. झुडपं मरतात."

"पिओनी मरत नाही, गातिस. माणसं मरतात, घरं पडतात, ती अंगणात फुलत राहते. ती मरायची तर कुणीतरी मारावी लागते."

गातिसने तेलाचे हात पुसले. "मग तेच सांग," तो म्हणाला. त्यानंतर त्याने विषय काढला नाही, आणि त्याने काढावा असं तिला रोज वाटत राहिलं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळीच रास्मामावशीचा फोन आला. दुपारी येतोय. सोल्विता फावडं घेऊन मधल्या ओळीत गेली.

ते दुसऱ्या गावचं झुडूप खणताना तिने स्वतःला समजावलं, की फूल जवळजवळ तसंच आहे. म्हातारीचे डोळे अधू आहेत. फुलायला तीन वर्षं लागतील, आणि तीन वर्षांत कोण कुठे असेल. हे शेवटचं मनात आलं तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी आली, पण हात थांबले नाहीत. तिने गड्डा धुतला, सुरीने फोडला, एक दणकट तुकडा निवडला.

अडचण डोळ्यांची होती. मुळाच्या माथ्यावर पुढच्या वर्षीच्या कोंबांचे डोळे असतात. ओयार्सच्या गुलाबीचे डोळे फिकट होते, दुधात गुलाबीचा एखादा थेंब पडावा तसे. हे डोळे बिटासारखे लाल. सोल्विताने बादलीत चिकणमाती कालवली. मूळ सुकू नये म्हणून माती सगळेच लावतात. पण तिने ती जाड कालवली, दोनदा बुडवली, आणि माथ्यावर बोटांनी वरून आणखी थापली. तेक्ला शेजारी उकिडवी बसून बघत होती.

"केक करतेयस?"

"नाही गं."

"मग इतकं क्रीम?"

दुपारी ते आले. ऊगिसने मातीने माखलेला तुकडा हातात घेऊन वरखाली पाहिला. "हे गाजर म्हणून बाजारात मांडलं तरी कुणी घेणार नाही. यासाठी मी मॅच सोडून आलो?"

"तुझ्या सासूने तुला असंच मुळाकडून पाहिलं असतं तर तुझं लग्न झालं नसतं," रास्मामावशी म्हणाली. "आण इकडे."

ती पायरीवर बसली, तुकडा मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवला. आज तिने काठीला नवी रबरी टोपी बसवली होती, स्कार्फ चांगला बांधला होता. जणू कुणाला भेटायला जायचं होतं. "उद्या दुपारीच लावते," ती म्हणाली. "खड्डा ऊगिसने खणून ठेवलाय." बोलता बोलता तिचा अंगठा सहज त्या माथ्यावरून फिरला. पुन्हा फिरला. माती ओलीच होती. तिचा थर निघाला, आणि खालून एक लालबुंद डोळा वर आला.

रास्माने तो पाहिला. दुसराही पुसून पाहिला. सोल्विता दोन पावलांवर उभी होती, आणि तिच्या नखांत तीच माती होती.

रास्माने वर पाहिलं नाही. तिने वर्तमानपत्राच्या कडा दुमडल्या, पुडी नीट बांधली, ऊगिसच्या हाताला धरून उठली. मग पहिल्यांदा सोल्विताच्या तोंडाकडे बघून, सावकाश, एकेक अक्षर वेगळं म्हणत बोलली.

"आभारी आहे, सोल्विता."

ऊगिसचं हसू अर्धवट राहिलं. तेक्लाच्या तोंडाचा आ झाला.

गाडी ओढ्याच्या पुलावरून जाईपर्यंत सोल्विता हलली नाही. मग तेक्ला तिचा झगा ओढायला लागली. "आई! आजी आभार म्हणाली! रोपाला नाही ना म्हणायचं? तू सांगितलंस ना, केकला म्हणायचं, मोज्यांना म्हणायचं, रोपाला नाही?"

"हो."

"म्हटलं तर रोप मरतं?"

"रुजत नाही म्हणतात."

"मग आजीला माहीत नाही?"

आजीला माहीत होतं. इथे चालायला लागलेल्या पोरालाही ते माहीत असतं. कुणी रोप दिलं, कलम दिलं, मूठभर बी दिलं, तर घेणारा हवेबद्दल बोलतो, कॉफी मागतो, पण आभार मानत नाही. पाच वर्षांपूर्वी या पायरीवर गुलाबीचा गड्डा हातात घेऊन सोल्विताही गप्पच उभी राहिली होती, आणि रास्माने त्या गप्प राहण्याकडे बघून समाधानाने मान डोलावली होती. आज रास्माने आभार मानले होते. हे रुजू नये, असं ती तोंडावर सांगून गेली होती, आणि तेही इतक्या सभ्यपणे, की ऐकणाऱ्याला वाटावं म्हातारी विसरली.

त्या संध्याकाळी सोल्विताने तेक्लाला न्हाऊ घातलं. पोरीच्या मानेवर फेस चोळताना तिच्या मनात आलं, आज हिने सगळं पाहिलंय. ती माती थापताना ही शेजारी बसली होती. हिला अजून कळत नाही, एवढंच.

रविवारी दुपारी सोल्विता ओयार्सच्या थडग्याकडे निघाली. गातिस कामावर होता, त्यामुळे तेक्लाला बरोबर घ्यावं लागलं. ते बरंच झालं. एकटी असती तर सोल्विता कदाचित फाटकावरूनच परत फिरली असती.

दफनभूमी पाइनच्या टेकडीवर होती. फाटकापाशी ऊगिस गाडीला टेकून उभा होता.

"काय झालंय?" त्याने विचारलं. "कालपासून एक शब्द बोलली नाही. माझ्यावर ओरडलीसुद्धा नाही. घाबरलोय मी."

"माझ्यामुळे झालंय," सोल्विता म्हणाली, आणि वर गेली.

रास्मामावशी थडग्यासमोरच्या छोट्या बाकावर बसली होती. पुडी तिच्या पायाशी, न सोडलेली. खड्डा तयार होता. वाळू अजून तुडवलेली होती. दाताळं दगडाला टेकवून ठेवलं होतं.

"बस," ती म्हणाली.

सोल्विता बसली नाही. "मावशी, ती ओयार्सकाकांची नाही."

"ते मला कालच कळलं."

"ती मेली. मागच्या वसंतात."

रास्माने मान हलवली. तेही तिला कळलंच असणार. "मुळातला एखादा तुकडा राहिला असेल?"

"सगळं खणलं. काही नव्हतं."

"कुठे लावली होतीस?"

"आधी पुढे, पायरीसमोर. नंतर खाली, ओढ्याकडे."

"त्या चिकणमातीत? का?"

सोल्विता हे सांगायला आली होती, आणि नेमकं हेच तिच्याने बोलवेना. तेक्ला नुकती चालायला लागली होती, तिला क्षणभर सोडता यायचं नाही, खाली जाऊन बघायला झालं नाही, हे सगळं खरं होतं आणि सांगण्यासारखं होतं. तेक्ला शेजारी पाइनची बोंडं गोळा करत होती. तिच्या अंगावर हे ढकललं तर ते आयुष्यभर तिच्या अंगावर राहील असं सोल्विताला वाटलं.

"पिवळीला जागा हवी होती," ती म्हणाली.

रास्माने काठीचं टोक वाळूत रुतवलं.

"जूनमध्ये मीपण त्या पिवळीला सुंदर म्हटलं," ती म्हणाली. "माझ्या गुलाबीच्याच जागेवर उभी राहून."

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी रडले असते. केक खाऊन घरी गेले असते."

"लोक होते, मावशी."

"लोक होते," रास्मा म्हणाली. तिने ते इतक्या साध्या आवाजात म्हटलं की सोल्विताला आपले कान तापलेले जाणवले. "रात्री वाटलं, लावून टाकावी ही. कुणाला कळणार? नातीला सगळ्या सारख्याच. पण त्याला काय सांगू? तो काही बोलला नसता म्हणा. कधीच बोलायचा नाही. नुसता असा बघायचा." तिने पायाने पुडी सोल्विताकडे सरकवली. "घेऊन जा हिला. तिच्या ओळीत परत लाव, तिच्या गावाच्या नावाने. उगाच तिची अब्रू कशाला घालवायची."

सोल्विताने पुडी उचलली. कागद मऊ पडला होता. निघावं की थांबावं ते तिला कळेना.

"खड्डा बुजव," रास्मा म्हणाली. "मला वाकता येत नाही."

सोल्विताने गुडघ्यावर बसून हातांनी खड्डा बुजवला. वाळू थंड होती, पाइनच्या सुयांनी भरलेली. मग दाताळं घेतलं आणि, थडग्यावरून निघताना इथे सगळेच करतात तसं, मागे मागे सरकत वाळूवर रेघा काढायला लागली, आपलं पाऊल उरू नये अशा. अर्ध्यावर आली तेव्हा मागून रास्माचा आवाज आला.

"तुझ्याकडे शेवटची फुलली तेव्हा कशी होती गं? तीन उन्हाळे पुढे होती ना? मला सांग. माझे डोळे तेव्हाच धूसर झाले होते. माझ्या अंगणातलं शेवटचं फूल मी नीट पाहिलंच नाही."

सोल्विताने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांसमोर पिवळी आली. शेपूच्या पानांची लाल आली, कॉकेशसची आली, तिची पहिली कळी, पहिल्या दिवशीची, दुसऱ्या दिवशीची, सगळं आलं. पायरीसमोर तीन उन्हाळे जी फुलली, त्या झुडपाच्या जागी तिला नुसता एक रंग आठवला.

"गुलाबी होती," ती म्हणाली.

"गुलाबी तर सगळ्याच असतात."

"वास होता," सोल्विता म्हणाली, आणि होता का, ते तिला आठवेना.

तीन उन्हाळे. तिच्या बागेत झुडपाशी दोन उन्हाळे उभं राहिल्याशिवाय पाटीवर नाव चढत नव्हतं. याला नाव नव्हतंच, म्हणून ती उभीच राहिली नव्हती. तिने दाताळ्याच्या दांड्यावर दोन्ही हात घट्ट धरले. रास्मा वाट बघत होती. पोरीसमोर रडायचं नाही असं सोल्विताने ठरवलं होतं, पण ठरवून ते थांबत नव्हतं.

"नाही आठवत, मावशी," ती म्हणाली. "मी पाहिलीच नाही नीट."

हे ऐकून रास्माचा चेहरा बदलला. काल त्या लाल डोळ्यांकडे बघतानाही तो असा झाला नव्हता. तिने मान ओयार्सच्या दगडाकडे फिरवली. तेक्ला तिच्यापाशी गेली, एक बोंड तिच्या मांडीवर ठेवलं, आणि दूर न जाता तिथेच बाकावर चढून बसली.

"बाहेरच्या पाकळ्या रुंद," रास्मा बोलायला लागली. दगडाशीच बोलत होती. "गुलाबी, पण झोपेतून उठलेल्या पोराच्या गालासारखी. आत बारीक पाकळ्यांचा झुबका, तो पहिल्या दिवशी पिवळसर. दुसऱ्या दिवशी सायीसारखा. तिसऱ्या दिवशी उन्हाने बाहेरची गुलाबी उडायची आणि सगळं फूल एका रंगाचं व्हायचं. मधोमध एकदोन पाकळ्यांना लाल रेघ. सगळ्यांना नाही. ओयार्स रोज सकाळी मोजायचा, आज किती रेघांची फुलं. पाऊस आला की माना टाकायची. मग तो माझ्या जुन्या मोज्यांच्या पट्ट्यांनी बांधायचा. वास सकाळी काहीच नाही. संध्याकाळी, दूध काढून झाल्यावर."

ती थांबली. मग सोल्विताकडे वळली.

"म्हण आता."

"काय?"

"मी सांगितलं ते. माझ्यानंतर हे कुणाला माहीत असणार?"

सोल्विता वाळूत उभी राहून म्हणायला लागली. बाहेरच्या पाकळ्या रुंद. झोपेतून उठलेल्या पोराच्या गालासारखी गुलाबी. आत झुबका, पहिल्या दिवशी सायीसारखा.

"पिवळसर," रास्मा म्हणाली. "साय दुसऱ्या दिवशी. पहिल्यापासून म्हण."